लॅपटॉपचे पैसे कुठे जातात: दुरुस्तीच्या टेबलावरून खरेदीचा सल्ला

जास्त पैसे मोजले की लॅपटॉप जास्त वेगवान मिळतो, हे बहुतेक वेळा खरं असतं. तो जास्त टिकेल का, हे मात्र कंपनीने ते पैसे मशीनच्या कोणत्या भागात घातले यावर ठरतं, आणि तो भाग जाहिरातीच्या तक्त्यात जवळजवळ कधीच नसतो. मी रत्नागिरीत लॅपटॉप दुरुस्त करतो. सीईटीचे निकाल लागून कॅप राउंड सुरू झाले की दुकानात आईवडिलांची रीघ लागते. मुलगी पुण्याला निघालेली असते, बाबांच्या मोबाइलवर कुठल्या तरी सेलचा स्क्रीनशॉट असतो आणि प्रश्न ठरलेला असतो: "दादा, दहा हजार जास्त घातले तर चार वर्षं बघायला नको ना?" काउंटरवर उभ्या उभ्या याचं नीट उत्तर देता येत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

ते दहा हजार बहुतेक करून प्रोसेसरचा आकडा, रॅम (चालू कामाची मेमरी), एसएसडी (फाइलींची साठवण) आणि ग्राफिक्स कार्ड वाढवण्यात जातात. गिऱ्हाईक दोन मशीन शेजारी ठेवून याच चार गोष्टी बघतं, हे कंपन्यांना पक्कं माहीत आहे. बिजागरी कशात रोवली आहे, कीबोर्ड स्क्रूने बसवलाय की प्लास्टिक वितळवून, पंखा केवढा आहे, हे कोणी विचारत नाही. त्यामुळे खर्च कमी करायची वेळ आली की कात्री तिथेच लागते.

ब्रँडच्या नावावर जाऊ नका असं मी सांगतो, त्याचंही कारण आहे. बरेचसे ब्रँड लॅपटॉप स्वतः बनवत नाहीत. क्वांटा, कॉम्पाल, विस्ट्रॉन, इन्व्हेंटेक, पेगाट्रॉन या तैवानी कंपन्या त्यांच्यासाठी ते बनवतात. एकाच ब्रँडचं पस्तीस हजारांचं आणि लाखाचं मशीन उघडलं की आतून ती दोन वेगळ्या घरची वाटतात. म्हणून प्रश्न ब्रँड कोणता हा नसून मालिका कोणती, मॉडेल कोणतं हा असतो.

किंमत आणि बिघाड यांच्या नात्याबद्दल एक जुनी पण बोलकी आकडेवारी आहे. अमेरिकेत वाढीव वॉरंटी विकणाऱ्या स्क्वेअरट्रेड या कंपनीने २००९ मध्ये आपल्याकडच्या ३०,००० लॅपटॉपचा हिशेब मांडला होता. पहिल्या वर्षात नेटबुकांपैकी, म्हणजे छोट्या स्वस्त लॅपटॉपांपैकी, ५.८ टक्के बिघडली, साध्या लॅपटॉपपैकी ४.७ टक्के आणि हजार डॉलरांच्या वरच्या महागड्या लॅपटॉपपैकी ४.२ टक्के. साध्या लॅपटॉपवरून महागड्यावर गेलं तरी बिघाडातला फरक अर्ध्या टक्क्याचा. यंत्रं आता बदलली आहेत, पण माझ्या टेबलावर येणाऱ्या मशीनवरून माझंही मत तेच आहे: नुसत्या किमतीवरून टिकाऊपणाचा अंदाज बांधू नका.

नाव एक, माल वेगळा

प्रोसेसरच्या नावापासून सुरुवात करा, कारण सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. एएमडीचं रायझन ५ ७५२०यू हे नाव बघा. ७००० मालिका म्हणजे नवं असणार, असं कोणालाही वाटेल. पण त्या आकड्यातला तिसरा अंक आतली रचना सांगतो. तिथे २ असेल तर झेन २, म्हणजे २०१९ मध्ये आलेली रचना. ३ असेल तर झेन ३. ४ असेल तर झेन ४. ७५२०यूमध्ये चार कोअर, म्हणजे एकाच वेळी काम करणारे भाग, आहेत, ७५३०यूमध्ये सहा. दोघांच्या डब्यावर 'रायझन ५, ७००० मालिका' असंच छापलेलं असतं. इंटेलमध्ये शेवटचं अक्षर बघा: यू म्हणजे साधारण १५ वॅटची कमी वीज खाणारी चिप, एच म्हणजे ४५ वॅटची. एच मालिकेतला आय५ हा यू मालिकेतल्या आय७ला जड कामात सहज मागे टाकू शकतो. तेव्हा 'आय७ आहे' एवढ्या भांडवलावर कोणी पंधरा हजार वर मागत असेल तर पूर्ण नंबर विचारा.

ग्राफिक्स कार्डात हा प्रकार आणखी लपलेला असतो. लॅपटॉपमधलं एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०६० हे ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कितीही विजेवर चालवायची मुभा लॅपटॉप बनवणाऱ्याला आहे. पातळ, दिसायला देखण्या मशीनमध्ये तेच कार्ड कमी वॅटवर बांधून ठेवलेलं असतं, म्हणजे वेगही कमी, आणि किंमत जाड मशीनइतकीच किंवा जास्त. कंपनीच्या साइटवर मॉडेलच्या सविस्तर माहितीत हा वॅटचा आकडा असतो. तो लपवलेला दिसला तर मी दुसरं मॉडेल बघतो.

बिजागरी: स्वस्त लॅपटॉप इथे मरतो

माझ्याकडे येणाऱ्या प्लास्टिकच्या लॅपटॉपमध्ये सगळ्यात जास्त दिसणारं दुखणं बिजागरीचं आहे. प्रोसेसर जळालेलं मशीन क्वचित येतं. झाकण उघडताना कर्रकन आवाज झाला आणि स्क्रीनचा कोपरा बॉडीपासून सुटला, अशी मशीन सतत येतात, आणि त्यातली बरीच वॉरंटी संपल्यावर वर्ष-दीड वर्षात.

आत काय झालेलं असतं ते सांगतो. बिजागरी स्वतः लोखंडाची, चांगली मजबूत असते. ती स्क्रूने पितळेच्या छोट्या नटांना आवळलेली असते. हे नट गरम करून प्लास्टिकच्या बारक्या खांबांमध्ये दाबून बसवतात. रोज उघडझाप होते, वर्षभरात बिजागरीतलं वंगण आटतं, ती जड होते. आता झाकण उचलताना लागणारा जोर लोखंडावर न येता त्या प्लास्टिकच्या खांबांवर येतो. एक दिवस नट खांबासकट उपटून निघतो. मी तळ उघडतो तेव्हा बिजागरी जशीच्या तशी असते, तिच्या स्क्रूंना पितळेचे नट लटकलेले असतात आणि भोवती काळ्या प्लास्टिकचा चुरा पडलेला असतो. एपॉक्सी भरून नट परत रोवता येतात, पण ती मलमपट्टी. खरा उपाय म्हणजे पॅनल बदलणं, आणि स्वस्त मॉडेलचं पॅनल दोन वर्षांनी बाजारात मिळेलच असं नाही. मी मुंबईला लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात फोन फिरवतो, कधी मिळतं, कधी जुन्या मशीनमधून काढलेलं घ्यावं लागतं.

दुकानात हे असं तपासा. लॅपटॉप टेबलावर ठेवून झाकण एका बोटाने उचला. तळ टेबलावरून उचलला जात असेल तर बिजागरी बॉडीच्या मानाने घट्ट आहे. मग झाकण कोपऱ्याला धरून उघडा. स्क्रीन पिळवटल्यासारखी हलली तर मागचं पॅनल कमकुवत आहे. कीबोर्डच्या मधोमध अंगठ्याने दाबा. खाली खड्डा पडत असेल तर खाली आधाराची पट्टी नाही. शेवटी उघडा लॅपटॉप पुढच्या एका कोपऱ्याला धरून उचला आणि कुठे करकर होते का ते ऐका. सेल्समन जरा बघत राहील, बघू दे.

व्यवसायासाठीच्या मालिकांमध्ये, म्हणजे लेनोवोचा थिंकपॅड टी, डेलचा लॅटिट्यूड (२०२५ पासून नाव डेल प्रो), एचपीचा एलिटबुक यांत, बिजागरी सहसा मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम किंवा धातूचा आधार दिलेल्या चौकटीत रोवलेली असते. किमतीतला फरक खऱ्या अर्थाने टिकाऊपणात उतरलेला इथे दिसतो. त्याच किमतीच्या घरगुती मालिकेत प्रोसेसर एक पायरी वरचा मिळतो आणि चौकट प्लास्टिकची. चार वर्षं पाठीवरच्या सॅकमधून हिंडणार असेल तर मी कधीही चौकट निवडतो.

'मिलिटरी ग्रेड' या शिक्क्याबद्दलही बोलतो, कारण त्यावर विश्वास ठेवून लोक पैसे देतात. एमआयएल-एसटीडी-८१०एच ही अमेरिकी संरक्षण खात्याची चाचण्यांची पद्धत आहे. त्यातल्या कोणत्या चाचण्या करायच्या हे कंपनी स्वतः ठरवते, आणि शिक्का देणारी सरकारी संस्था नाही. शिक्का असलेलं मशीन वाईट असतं असं नाही. फक्त त्या शिक्क्याने बिजागरीची खात्री मिळत नाही.

कीबोर्ड आणि चार्जिंगची पिन

चहा सांडला, एक कळ गेली, हे कॉलेजात होणारच. जुन्या पद्धतीच्या मशीनमध्ये दोन-चार स्क्रू काढले की कीबोर्ड वेगळा होतो. आता बऱ्याच लॅपटॉपांत तो वरच्या पॅनलला प्लास्टिकच्या पन्नासेक ठिपक्यांनी वितळवून चिकटवलेला असतो. एक कळ बदलायची तर ते सगळे ठिपके कापायचे आणि नवा कीबोर्ड परत डिंकाने किंवा सोल्डरिंगच्या टोकाने बसवायचा, नाहीतर अख्खं पॅनल घ्यायचं. युट्यूबवर मॉडेलचं नाव आणि 'कीबोर्ड रिप्लेसमेंट' असं शोधा. पाच मिनिटांचा व्हिडिओ निघाला तर ठीक. अख्खं मदरबोर्ड बाहेर काढताना दिसला तर काय ते समजा.

चार्जिंगची पिन वायरच्या तुकड्यावर आहे की थेट बोर्डावर सोल्डर केलेली, हेही त्याच व्हिडिओत कळतं. वायरवरची पिन स्वस्तात बदलते. बोर्डावरची टाइप-सी पिन ढिली झाली तर काम मायक्रोस्कोपखाली जातं.

रॅम आणि एसएसडी

रॅम किती, यापेक्षा ती वाढवता येते का, हे आधी विचारा. ७५२०यूसारख्या चिपला एलपीडीडीआर५ रॅमच लागते, आणि ती बोर्डावर सोल्डर केलेलीच असते. ८ जीबी घेतलं की ते कायमचं ८ जीबी. शोरूममधल्या चालू मशीनवर टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर क्लिक करा आणि खाली 'फॉर्म फॅक्टर' बघा. 'रो ऑफ चिप्स' लिहिलं असेल तर सोल्डर केलेली, 'सोडिम' लिहिलं असेल तर बदलता येणारी. सोल्डर केलेली रॅम वाईट नसते, वीज कमी खाते, वेगही चांगला देते. पण तशी असेल तर पहिल्याच दिवशी १६ जीबी घ्या. आणि चार वर्षांनी तीच रॅम गेली तर बोर्डाचं काम निघतं, एवढं लक्षात ठेवा.

एसएसडीच्या जागी ईएमएमसी लिहिलेलं मशीन घेऊ नका. ती मोबाइलच्या जातीची, बोर्डावर चिकटवलेली साठवण आहे. एनव्हीएमई, म्हणजे वेगवान एसएसडी, असेल तर पुढचा फरक टीएलसी आणि क्यूएलसीचा. टीएलसीच्या एका पेशीत ३ बिट मावतात, क्यूएलसीत ४, म्हणून क्यूएलसी स्वस्त. १ टीबीच्या ड्राइव्हवर क्यूएलसीला साधारण २०० ते २२० टीबी लिहिण्याची हमी मिळते, टीएलसीला बहुधा ६०० टीबीची. आकडे ऐकून घाबरू नका, साध्या वापरात विद्यार्थ्याचे २०० टीबीसुद्धा लवकर भरणार नाहीत. त्रास होतो तो ड्राइव्ह भरत आल्यावर वेग पडतो त्याचा. एसएसडी बदलता येत असेल, जी बहुतेक विंडोज लॅपटॉपांत येते, तर यावर जास्त डोकं शिणवू नका. जे नंतर बदलता येतं त्यावर आज पैसे कमी घालायचे, जे कायमचं चिकटलेलं आहे त्यावर जास्त, असा माझा साधा हिशेब आहे.

स्क्रीनचं थोडक्यात: ४५ टक्के एनटीएससी (रंगांचं माप) आणि २५० निट्स (उजेडाचं माप) लिहिलं असेल तर रंग फिके, उजेडात दिसायला त्रास. ३०० निट्स आणि शंभर टक्के एसआरजीबी (हेही रंगांचंच माप) असेल तर डोळ्यांना आणि कामाला दोन्हीला बरी.

उष्णता, धूळ आणि आपली खारी हवा

कोकणात मशीन टिकवायचं तर पंख्याकडे बघावंच लागतं. दमट, खारी हवा पंखा आत ओढतो, ती धुळीला घेऊन कॉपरच्या जाळीवर बसते, आणि वर्षभरात तिथे नमद्यासारखा थर तयार होतो. मशीन तापतं, वेग आपोआप कमी होतो आणि लोक म्हणतात व्हायरस आला. समुद्राजवळच्या घरांतून आलेल्या बोर्डांच्या कनेक्टरवर मला पांढरट-हिरवट गंज दिसतो. म्हणून तळाचं झाकण साध्या स्क्रूने उघडतं का, पंखा वेगळा काढता येतो का, हे बघा. पातळ पंखाविरहित मशीन धुळीतून सुटतात, पण जड काम त्यांच्याने होत नाही. पावसाळ्यात लॅपटॉप महिनोन्महिने बंद कपाटात ठेवू नका, वापरात असलेलं मशीन स्वतःच्या उबेने कोरडं राहतं.

धातूच्या बॉडीला हात लावल्यावर मुंग्या येतात, अशी तक्रारही येते. बऱ्याचदा दोष घरातल्या अर्थिंगचा असतो. तीन पिनांचा प्लग अर्थिंग असलेल्या सॉकेटमध्ये लावून बघा, मग दुकानात या.

महाग म्हणजे हमी नव्हे, ही दोन उदाहरणं

ॲपलने २०१५ पासून आपल्या लॅपटॉपमध्ये बटरफ्लाय पद्धतीचा पातळ कीबोर्ड बसवायला सुरुवात केली. त्यात बारीक कण गेले तरी कळा अडकायच्या किंवा दोनदा उमटायच्या. २०१८ मध्ये कंपनीला मोफत दुरुस्तीची योजना काढावी लागली आणि २०२२ मध्ये अमेरिकेतल्या दाव्यात ५ कोटी डॉलर द्यायचं तिने मान्य केलं. ही बाजारातल्या सगळ्यात महागड्या मशीनमधली मशीन होती. त्याआधी २००८ मध्ये एनव्हिडियाच्या लॅपटॉप ग्राफिक्स चिपांमध्ये जोडणीच्या साहित्याचा दोष निघाला. तापून-थंड होऊन चिपखालचे जोड तडकायचे. तो दोष अनेक ब्रँडांच्या महागड्या मशीनमध्ये एकाच वेळी गेला. म्हणून अगदी नवीन रचनेचं मॉडेल बाजारात आल्या आल्या घेऊ नका. सहा-आठ महिने जाऊ द्या, लोकांच्या तक्रारी वाचा, मग घ्या.

मग कोणत्या बजेटला काय

तीस हजारांच्या आसपास असाल तर नव्या मशीनचा हट्ट सोडा. या किमतीत नवं म्हणजे बिजागरी, स्क्रीन, बॅटरी सगळीकडे काटकसर. त्याच पैशांत कंपन्यांनी भाडेकरार संपल्यावर काढून टाकलेले लॅटिट्यूड, थिंकपॅड, एलिटबुक मिळतात, ज्यांची मूळ किंमत दुप्पट-तिप्पट असते. मात्र इंटेलची किमान आठवी पिढी हवीच. विंडोज ११ त्याखालच्या चिपांवर अधिकृतपणे चालत नाही, आणि विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घेताना कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी, एक जागा सोडून स्लॅश आणि त्याला लागून बॅटरीरिपोर्ट टाइप करा. तयार होणाऱ्या फाइलमध्ये 'डिझाइन कपॅसिटी' आणि 'फुल चार्ज कपॅसिटी' शेजारी दिसतात. दुसरा आकडा पहिल्याच्या सत्तर टक्क्यांखाली असेल तर बॅटरीचे पैसे किमतीतून वजा मागा. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाच्या मोफत प्रोग्राममध्ये एसएसडीची तब्येत आणि चाललेले तास बघा.

पंचेचाळीस ते पासष्ट हजार हा बहुतेक घरांचा आकडा. इथे प्रोसेसरची एक पायरी खाली उतरा आणि वाचलेले पैसे चौकट, १६ जीबी रॅम आणि वॉरंटी यांत घाला. थिंकबुक, प्रोबुक, डेल प्रोच्या (पूर्वीच्या लॅटिट्यूडच्या) खालच्या मालिका याच पट्ट्यात सापडतात. शोरूममध्ये मांडलेल्या नसतात, मागाव्या लागतात.

लाखाच्या वर जाणार असाल तर तुमच्या मुलाचं काम खरंच तेवढं जड आहे का, हे त्याच्याशी बसून ठरवा. थ्रीडी, व्हिडिओ, मशीन लर्निंग असेल तर जाड, चांगल्या पंख्यांचं मशीन घ्या. कोडिंग आणि रिपोर्ट एवढंच असेल तर वरचे चाळीस हजार हॉस्टेलच्या खर्चाला ठेवा, असं मी काकांना स्पष्ट सांगतो.

वॉरंटीवर मात्र कंजुषी नको. एक वर्षाची तीन वर्षं करून घ्या, आणि ऑनसाइट, म्हणजे इंजिनिअर घरी येणारी, घ्या. त्याआधी सर्व्हिस सेंटरला फोन करून आपला पिनकोड सांगा. रत्नागिरी शहरात इंजिनिअर येतो म्हणून राजापूरच्या आत एखाद्या वाडीत येईलच असं नाही. अपघाती नुकसान, म्हणजे पडणं आणि पाणी सांडणं, साध्या वॉरंटीत धरत नाहीत. ते वेगळं घ्यावं लागतं, आणि हॉस्टेलवर राहणाऱ्या मुलासाठी मी ते घ्यायलाच सांगतो.

घरी आणल्यावर पहिला आठवडा मशीन भरपूर वापरा. रोज तासभर मोठा व्हिडिओ चालवा, चार्जर लावून आणि काढून बघा, प्रत्येक यूएसबीत पेनड्राइव्ह घाला, सगळ्या कळा दाबा, पांढऱ्या आणि काळ्या पडद्यावर ठिपके शोधा. बदलून मिळण्याची मुदत थोड्या दिवसांची असते, कुरबुर तिच्या आत कळली पाहिजे. बिलावर जीएसटी आणि सीरियल नंबर आहे ना, तो तळाच्या स्टिकरशी जुळतो ना, हे दुकानातून निघतानाच बघा. मग कंपनीच्या साइटवर तो नंबर टाकून वॉरंटी कोणत्या तारखेला सुरू झाली दाखवते ते तपासा. तुमच्या खरेदीच्या आधीची तारीख दिसत असेल तर बिलाचा फोटो पाठवून ती त्याच आठवड्यात दुरुस्त करून घ्या.